पदवीधराने वल्ही करावीत काय?

आपल्या वार्षिक अंकात बेकारीवर एक तरी लेख असतोच. 'आजची शिक्षणपद्धती केवळ कारकून निर्माण करते' हे वाक्य त्यात येते, मेकॉलेसाहेबांच्या नावाने बोटे मोडली जातात आणि शेवटी 'तरुणांनी नोकरीच्या मागे न लागता स्वतंत्र व्यवसाय करावा' असा उपदेश करून लेखक स्वतः स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागतो. व्यवसाय कोणता, कोणासाठी, त्याला भांडवल काय आणि त्यावर पोट भरेल काय, हे प्रश्न मात्र पुढल्या वर्षीच्या अंकासाठी शिल्लक राहतात.

म्हणून मी आधीच सांगून टाकतो. येत्या जूनमध्ये, पदवी परीक्षेचा निकाल काहीही लागो, मी होड्यांची लाकडी वल्ही करण्याचा छोटा धंदा सुरू करणार आहे. ही बातमी फुटली तेव्हा वर्गमित्र मनमुराद हसले. एका प्राध्यापकांनी 'छंद म्हणून छान आहे' असे म्हणून पाठीवर हात ठेवला. वडील काहीच बोलले नाहीत. आणि आमच्या घरी वडील बोलले नाहीत तर ते फार बोलले असे समजतात. या तिघांनाही उत्तर देणे मला भाग आहे. हसणाऱ्यांना, पाठ थोपटणाऱ्यांना आणि गप्प बसलेल्यांना.

प्रथम वल्हे म्हणजे काय ते पाहू. मराठीत आपण दोन निराळ्या वस्तूंना एकच नाव दिले आहे. एक वल्हे दोन्ही हातांत मोकळे धरून पाण्यात मारायचे. दुसरे होडीच्या काठावरील खुंटीला अडकवून, तिच्यावर टेकून ओढायचे. मी बोलतो आहे ते दुसऱ्याविषयी. हे वल्हे म्हणजे शाळेत शिकलेली तरफ होय. खुंटी हा टेकू, मूठ ही बल लावण्याची जागा आणि पात्यापुढचे पाणी हा भार. या तरफेचे माप अंदाजाने ठरवून चालत नाही. दोन खुंट्यांमधील अंतर निम्मे करावे, त्यात दोन इंच मिळवावे; म्हणजे वल्ह्याचा होडीच्या आत राहणारा भाग निघतो. त्याला सातांनी भागून पंचविसांनी गुणले की वल्ह्याची एकूण लांबी मिळते. खुंट्यांमध्ये ४२ इंच अंतर असेल तर आतला भाग २३ इंच आणि वल्हे साधारण ८२ इंच, म्हणजे सोयीने सात फूट. आतला भाग सात, तर बाहेरचा अठरा, हे त्यातले प्रमाण. आमच्या खाडीवरच्या कितीतरी होड्यांत मी टेप लावून पाहिले; हे प्रमाण थोड्याच ठिकाणी जुळले. वल्हे बाजारात मिळेल त्या लांबीचे आणायचे आणि मग पाठीने त्याचा दंड भरायचा, अशी रीत पडली आहे.

दंड हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. सावकाश वल्हवणारा माणूस मिनिटाला पंचवीस वेळा वल्हे ओढतो असे धरले तर तासाला दीड हजार वेळा होते. पात्याच्या टोकाशी नको असलेले पाव किलो लाकूड राहिले, तर तासाभरात त्याने ३७५ किलो लाकूड उगाच उचलले! तेही टेकूच्या लांबच्या बाजूला. म्हणजे मुठीवर त्याचा भार आणखी वाढून येतो. करणाऱ्याने चार वेळा अधिक रंधा मारण्याचा कंटाळा केला, त्याची ही किंमत. आणि ती करणारा भरत नाही, वल्हवणारा भरतो. चांगले आणि वाईट वल्हे डोळ्यांना सारखेच दिसते. रंगवले तर वाईटच अधिक देखणे दिसते. फरक कळतो तो हाताला, आणि तोही घरी आणल्यावर. अशा वस्तूच्या धंद्यात करणाऱ्याच्या सचोटीवर जेवढे अवलंबून असते तेवढे फारच थोड्या धंद्यांत असेल.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि या बाबतीत इतिहास मला अनपेक्षित ठिकाणी भेटला. ग्रीक पंडित थिओफ्रास्टस हा अॅरिस्टॉटलचा शिष्य. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, वल्ह्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फर वृक्षाच्या लाकडाला कांद्यासारखे थरावर थर असतात. वल्हे तासताना हे थर एकामागून एक सारखे काढत गेले तर वल्हे बळकट होते, वेडेवाकडे काढले तर ते दुबळे राहते. आमचा मामा सुतार आहे. त्याचे शिक्षण चौथीपर्यंत झाले असून त्याने थिओफ्रास्टसचे नाव ऐकण्याचे काही कारण नाही. पण 'लाकडाची रेष जाईल तसं जा, रेषेला आडवा जाशील तर ती तुला आडवी येईल,' हे त्याने मला पहिल्या दिवशी सांगितले. दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आणि शिकवण एकच!

दुसरा दाखला अथेन्सच्याच एका वक्त्याचा. अथेन्सच्या युद्धनौकेला १७० वल्ही लागत. नगराच्या आसपास योग्य लाकूड नव्हते. ते उत्तरेकडून, मॅसिडोनियातून आणावे लागे. अँडोसिडीझ नावाच्या हद्दपार नागरिकाने इसवी सनापूर्वी ४११ मध्ये सामोस बेटावरील अथेन्सच्या आरमाराला वल्ह्यांचे वासे पुरवले आणि पुढे लोकसभेपुढे भाषण करताना, आपण ते पाच द्राख्मे या खरेदीच्याच भावाने दिले, याची आठवण करून देऊन घरी परतण्याची परवानगी मागितली. ज्या लोकशाहीवर आपण उत्तरपत्रिकेत दहा गुणांचे उत्तर लिहितो, तिचे आरमार या वाशांवर चालत होते. अथेन्सच्या नौदलाच्या शिलालेखांत वल्ह्यांची मोजदाद आहे, इतकेच नव्हे तर तपासणीत नापास झालेल्या वल्ह्यांची संख्याही कोरून ठेवली आहे. नापास वल्ही दगडावर कोरणारे लोक वल्ह्याला क्षुद्र वस्तू मानत नव्हते, हे उघड आहे. आपल्याकडेही ऋग्वेदात अश्विनांनी भुज्यूला समुद्रातून वाचवल्याची कथा येते, तेव्हा शंभर वल्ह्यांच्या नावेचा उल्लेख त्यात आहे.

'पण तो काळ गेला,' असे कोणी म्हणेल. 'आज होडीला यंत्र आहे. वल्हे हवे कशाला?' हा आक्षेप मला पहिल्यापासून ऐकावा लागतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

यंत्र आले म्हणून वल्हे गेले नाही; त्याचे काम बदलले. पूर्वी ते रोजच्या कामाचे होते, आज ते अडीअडचणीचे आहे. इंजिन बंद पडते ते कधी धक्क्याला लागलेले असताना नाही, भर पाण्यात. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गावातील एका होडीचे इंजिन खाडीच्या मुखाशी बंद पडले. ओहोटी लागलेली होती. होडीत वल्ह्यांची जोडी होती, पण चौथ्या-पाचव्या ओढीला एक वल्हे खुंटीपाशीच मोडले. दैव बरे म्हणून मागून दुसरी होडी येत होती. तिने दोर टाकला. मोडलेले वल्हे मी नंतर पाहिले. खुंटीवर जिथे सगळा ताण येतो नेमकी तिथेच लाकडात गाठ होती आणि गाठीवरून जाड रंगाचा हात फिरवलेला होता. ते वल्हे कोणी केले हे मला माहीत नाही, आणि माहीत असते तरी मी येथे लिहिले नसते. कारण प्रश्न एका माणसाचा नाही. रोजच्या वापरातली वस्तू वाईट असेल तर ती लगेच पकडली जाते. वर्षातून एकदा लागणारी वस्तू वाईट असेल तर ती नेमकी त्या एका दिवशी पकडली जाते. वल्ह्याचा वापर कमी झाला म्हणून त्याचा दर्जा कमी झाला तरी चालेल, हा विचार म्हणूनच मला उफराटा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्या लोकांचा आहे. ते म्हणतात, 'शर्यतीत आता लाकडी वल्हे कोणी हातात धरत नाही.' हे खरे आहे. १९५९ मध्ये फ्रान्समधील माकाँ येथील शर्यतींत जर्मन वल्हेकऱ्यांनी आखूड आणि रुंद पात्याची वल्ही आणली. ती लाकडाचीच होती आणि तो आकार पुढे जगभर रूढ झाला. नंतर अमेरिकेतील डिक आणि पीट ड्रायसिगेकर या दोघा वल्हेकरी भावांनी १९७६ मध्ये कार्बन तंतूंची वल्ही करण्याचा धंदा सुरू केला. त्यांची 'कन्सेप्ट टू' ही कंपनी व्हरमाँटमधील एका शेतावर वाढली. १९९१ मध्ये तिने खाटकाच्या सुऱ्यासारखे एका बाजूला झुकलेले पाते आणले आणि लाकडी वल्ह्यांचे शर्यतीतील राज्य संपले. ज्या पात्याने ऑलिंपिक पदक मिळते त्याच्याशी मी मामाच्या पडवीत स्पर्धा करीन, असे म्हणण्याइतका मी खुळा नाही.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. त्याच अमेरिकेत, मेन राज्यातील ओरोनो या लहान गावी 'शॉ अँड टेनी' नावाचा कारखाना १८५८ पासून लाकडी वल्ही करत आला आहे. १८५८ म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले त्याच्या पुढचे वर्ष! वाफेची जहाजे आली, इंजिने आली, अॅल्युमिनियम आले, प्लास्टिक आले, कार्बन आले. आणि एवढ्या सगळ्यांतून हा कारखाना तगला. कसा? तो शर्यतीच्या मागे धावला नाही. हौसेने वल्हवणारे, तळ्यात मासे धरणारे, जुन्या लाकडी होड्या जपणारे, अशा गिऱ्हाइकांना त्याने धरून ठेवले. वर जे लांबीचे गणित मी दिले तेही या कारखान्याच्या परंपरेतलेच. कन्सेप्ट टू आणि शॉ अँड टेनी यांच्या कथा परस्परविरुद्ध नाहीत. दोघांनीही एकच गोष्ट केली: आपले गिऱ्हाईक नेमके कोण हे ठरवले आणि त्याच्या हातात उत्तम तेच दिले.

मग माझे गिऱ्हाईक कोण? पहिले, इंजिनवाल्या लहान होड्यांचे मालक, ज्यांना संकटासाठी एक विश्वासाची जोडी हवी. दुसरे, तलावांवर पर्यटकांना होडी भाड्याने देणारे, ज्यांची वल्ही अनोळखी हातांत पडून लवकर झिजतात. तिसरे गिऱ्हाईक अजून जन्माला यावयाचे आहे, आणि मला त्याचीच अधिक ओढ आहे. ते म्हणजे वल्हवायला शिकणारी मुले.

याविषयी थोडे विषयांतर करतो. आपल्या राज्यात नौकानयनाची परंपरा नाही असे नाही. पुण्यातील रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ चा. सैन्याचे नौकानयन केंद्रही पुण्यातच आहे. दत्तू भोकनळ याचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावचा हा मुलगा. वडील विहिरी खणण्याचे काम करीत. त्याच्या हाती वल्हे आले ते २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यानंतर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. दुष्काळी गावच्या मुलाने हे करून दाखवले, आणि आपण खाडीकाठची मुले? आपल्या जिमखान्यात कॅरमबोर्ड आहे, टेबल टेनिसचे एक टेबल आहे, आणि हाकेच्या अंतरावर मैलोगणती सपाट पाणी मोकळे पडले आहे. कार्बनच्या वल्ह्यांची महाग जोडी घेऊन कोणतेही ग्रामीण महाविद्यालय सुरुवात करणार नाही. पण दोन साध्या होड्या आणि गावात तयार झालेल्या, गावातच दुरुस्त होणाऱ्या चार जोड्या, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. लाकडी वल्ह्याचा हा मोठा गुण आहे. ते झिजले तर तासता येते, चिरले तर सांधता येते, आणि फारच बिघडले तर त्याच्यावर भात शिजतो.

तिसरा प्रश्न लाकडाचा. पाश्चात्य देशांत वल्ह्यांसाठी स्प्रूस आणि अॅश ही लाकडे नावाजलेली आहेत. पहिले हलके, दुसरे चिवट. ती आपल्याकडे होत नाहीत. परदेशातून लाकूड आणून वल्ही करणे म्हणजे मीठ विकत घेऊन समुद्र खारट करणे होय. येथे मला जॉर्ज पोकॉकची आठवण होते. हा इंग्रज कारागीर अमेरिकेत सिअॅटलला जाऊन शर्यतीच्या नौका बांधू लागला. त्या काळी अशा नौका दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लाकडाच्या करण्याची पद्धत होती. पोकॉकने आपल्या आसपास वाढणारा तांबडा सीडार वापरून पाहिला, आणि त्याच लाकडाच्या नौकेतून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मुलांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत सुवर्णपदक जिंकले. दाराशी उभे असलेले झाड पारखून पाहण्याचे धैर्य, हा त्या कथेचा मला भावलेला भाग.

आमच्या दाराशी शिवण आहे. हे लाकूड हलके, घडवायला सोपे आणि एकदा नीट वाळले की फारसे न फिरणारे. सागवान टिकाऊ खरे, पण जड आणि महाग. गेल्या दोन सुट्यांत मामाच्या हाताखाली मी दोन्हींची वल्ही केली. माझा कौल दांड्यासाठी शिवणीला आहे. पात्याच्या टोकाला, जिथे ते दगडावर आपटते, तिथे सागाची पट्टी बसवावी. लाकूड सरळ रेषेचे, बिनगाठीचे हवे आणि ते सावलीत वाळलेले हवे. इंचभर जाडीला एक वर्ष, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. खुंटीवर घासते तिथे चामड्याची पट्टी गुंडाळावी. वार्निश सगळीकडे द्यावे, मुठीला मात्र देऊ नये. गुळगुळीत मुठीने हाताला फोड येतात, कोऱ्या लाकडाने येत नाहीत. महाराष्ट्रात खाजगी जमिनीतील झाडे तोडण्यावरही १९६४ च्या कायद्याचे नियंत्रण आहे, तेव्हा परवानगीचे लाकूडच घ्यावयाचे, हे मी ठरवून टाकले आहे. आणि शिवण झपाट्याने वाढते. ज्या धंद्याला झाड लागते त्याने झाड लावले पाहिजे, हे सांगायला पर्यावरणाचा तास लागत नाही.

आता हिशेब. याच ठिकाणी अशा लेखांची लेखणी अडखळते, म्हणून मी येथे रेंगाळणार आहे. मामा एक जोडी दीड दिवसात करतो. मला अजून चार दिवस लागतात. पुढील वर्षभरात ते तीनावर आणीन अशी खात्री आहे. महिन्याचे पंचवीस दिवस काम धरले तर माझ्या हातून आठ जोड्या होतील. म्हणजे लाकूड, चामडे, वार्निश यांचा खर्च वजा जाता प्रत्येक जोडीने माझ्या महिन्याच्या गरजेचा आठवा भाग उचलला पाहिजे. बाजारातल्या रंगवलेल्या वल्ह्याच्या भावाने ते शक्य नाही. माझे वल्हे महागच असणार. ते महाग का, हे मला गिऱ्हाइकाच्या हातात देऊन, त्याच्याच होडीत बसून सिद्ध करावे लागेल. आणि वर्षाला शंभर जोड्या खपवायच्या तर एक खाडी पुरणार नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात आणि घाटावरच्या तलावांवर हिंडावे लागेल. पावसाळ्यात विक्री थंडावेल. त्या महिन्यांत लाकूड वाळवणे, पट्ट्या चिकटवणे, जुनी वल्ही दुरुस्त करणे ही कामे. भांडवल म्हणाल तर करवत, वाकस, रंधे, पटाशा, कानशी आणि पडवी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारही आहेत आणि होड्या बांधणारेही. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पहिल्या टप्प्यात एक लाखाचे कर्ज पाच टक्के व्याजाने, अशी तिची तरतूद आहे. मामाचे नाव त्यात नोंदवण्याच्या खटपटीत मी आहे. हा धंदा मला श्रीमंत करणार नाही. दोघांचे पोट त्यावर भरेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

'पण मग पदवी कशाला घेतलीस?' हा वडिलांचा न विचारलेला प्रश्न. त्यांनी एस. टी.त तीस वर्षे उभ्याने नोकरी केली ती मुलाने बसून नोकरी करावी म्हणून. त्यांच्या दृष्टीने मी तीन वर्षे पुढे चालून एका ढांगेत मागे आलो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या हातांनी राबणे हे नशीब होते, त्यांना हस्तकौशल्याचे गोडवे पोटभर जेवलेल्या माणसाने ऐकवू नयेत. ज्यांना नोकरी हवी आहे त्यांनी ती जरूर मिळवावी. तिच्यात कमीपणा नाही. माझा आक्षेप एवढाच की, शिकलेल्याने हत्यार धरले की शिक्षण वाया गेले, आणि हत्यार धरणाऱ्याला शिक्षणाची गरज नाही, या दोन समजुती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, आणि ते नाणे खोटे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळल्यावर रंगकाम सुटले. यांत्रिक रेखाटन त्यांनी सोडले नाही. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान, १९०३ मध्ये लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते अशी समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. कलाशाळेतून बाहेर पडलेला मनुष्य नांगर करू शकतो, तर कलाशाखेतून बाहेर पडलेला वल्हे का करू शकणार नाही? सावंतवाडीची गंजिफाही अशीच. हाताने रंगवलेल्या पत्त्यांची ती कला जवळजवळ संपली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, म्हणून ती आज जिवंत आहे. शिकलेली माणसे कारागिरापुढे शिष्य म्हणून बसली, हे त्यात महत्त्वाचे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. ती आपण परीक्षेत पाच मुद्द्यांत लिहितो आणि पेपर देऊन बाहेर पडताच विसरतो.

माझ्या पदवीचा मला या धंद्यात उपयोग होणार आहे, आणि तो फलकावर नावापुढे 'बी. ए.' लिहिण्याइतकाच नाही. मामा मला उत्तम वल्हे करायला शिकवतो, पण गेल्या वर्षी कोणत्या होडीला कोणत्या मापाचे वल्हे दिले हे तो सांगू शकत नाही. ते त्याच्या हातात आहे, कागदावर नाही. मामा गेला की ते जाईल. कोणते लाकूड, किती वाळलेले, कोणाला दिले, किती वर्षे टिकले, का मोडले, याची वही मी ठेवली आहे. मोडलेल्या प्रत्येक वल्ह्याची नोंद तिच्यात असेल; अथेन्सच्या लोकांनी दगडावर केली तशी. पुरावा तपासणे, नोंद ठेवणे, दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, हेच तर इतिहासाच्या वर्गात शिकवतात! ते कारखानदारीला निरुपयोगी असेल तर दोष इतिहासाचा नाही.

प्राध्यापक महाशयांना माझी एक विनंती आहे. 'व्यवसाय मार्गदर्शन' या नावाखाली दरवर्षी जे व्याख्यान होते, त्याला पुढच्या वर्षी शहरातल्या वक्त्याऐवजी बंदरावरच्या एखाद्या होडी बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलवावे आणि त्याला हार, श्रीफळ व मानधन तेवढेच द्यावे जेवढे इतरांना देतो. मित्रांना विनंती अशी की, हसावे, अवश्य हसावे, पण रविवारी एकदा धक्क्यावर येऊन माझे एक वल्हे आणि बाजारातले एक वल्हे, दोन्ही ओढून पाहावे. हाताला फरक लागला नाही तर मी हा लेख मागे घेईन. आणि वडिलांना सांगण्यासारखे माझ्याजवळ एवढेच आहे की, दोन वर्षांचा हिशेब मी त्यांच्याकडे दरमहा देणार आहे. त्या दोन वर्षांत आठ जोड्यांचा आकडा गाठला नाही तर ते म्हणतील ती परीक्षा देईन. पण गाठीवर रंग फिरवून तो आकडा गाठणार नाही. एवढी एक अट माझी.